कच्च्या रंगाचे प्रामाण्य

डिजिटल छायाचित्राच्या संपादनात एक क्षण असा येतो की त्यात ‘खरा रंग कोणता’ हा जुना तात्त्विक प्रश्न अगदी व्यावहारिक वेषात समोर उभा राहतो. आजचे बहुतेक चांगले कॅमेरे एकाच टिपणाची दोन रूपे साठवू शकतात. त्यांपैकी ‘जेपेग’ म्हणजे कॅमेऱ्यातील प्रोसेसरने रंग, उजळपणा आणि रेखीवपणा यांविषयीचे सगळे निर्णय स्वतःच घेऊन सिद्ध केलेले चित्र, आणि ‘रॉ’ म्हणजे हे निर्णय होण्यापूर्वीची, सेन्सरवर पडलेल्या प्रकाशाची नुसती मोजदाद. रॉ फाइल संगणकावर उघडली की पहिल्या क्षणी बहुधा तिच्याच पोटात ठेवलेले छोटे जेपेग दिसते आणि लगेच संपादनाचे सॉफ्टवेअर आपल्या हिशेबाने काढलेले चित्र त्या जागी आणून ठेवते. आभाळ फिके पडते, त्वचेची छटा बदलते, सावल्या जड होतात, आणि पाहणाऱ्याला हातात आलेले काहीतरी निसटल्याची हुरहुर लागते. या हुरहुरीतूनच रॉचे रंग कॅमेऱ्याच्या चित्राशी जुळवण्याचा खटाटोप सुरू होतो. त्यासाठी लाइटरूममध्ये कॅमेऱ्याच्या रंगशैलीची नक्कल करणारी प्रोफाइल आहेत, रॉथेरपीमध्ये आतल्या जेपेगवरून उजळपणाचा वक्र आपोआप बेतण्याची सोय आहे, आणि डार्कटेबलमध्ये रंगतक्त्याचे छायाचित्र देऊन हा सांधा गणिताने जुळवता येतो. साधनांची वाण नाही. परंतु जुळवणारा मनुष्य या व्यवहारात प्रमाण म्हणून नेमके काय धरतो, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

कोकणातल्या वेंगुर्ल्यासारख्या ठिकाणी हा प्रश्न टाळता येत नाही, कारण तिथला उजेड आणि तिथले रंग दोन्ही हट्टी आहेत. पावसाने भिजलेला जांभा दगड एका प्रोफाइलमध्ये विटेसारखा तांबडा आणि दुसऱ्यात जवळजवळ जांभळा दिसतो. काजूच्या बोंडांचा लाल रंग एका चित्रात भडकून सपाट होतो तर दुसऱ्यात त्याची गोलाई टिकते. आणि देवळाच्या गाभाऱ्यातील समईचा उजेड एका चित्रात सोनेरी राहतो, तर दुसऱ्यात कॅमेरा तो ‘दुरुस्त’ करून चुन्यासारखा पांढुरका करून ठेवतो. यातील कोणते चित्र खरे, हे ठरवण्याआधी रॉ म्हणजे काय ते नीट समजून घेतले पाहिजे.

कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांना १९७६ मध्ये ज्या रचनेचे पेटंट मिळाले, त्या रचनेनुसार बहुतेक सेन्सरवरील प्रत्येक बिंदूपुढे एकाच रंगाची गाळणी असते: चार बिंदूंच्या चौकटीत दोन हिरव्या, एक लाल आणि एक निळी. हिरव्या गाळणीमागचा बिंदू लाल किंवा निळ्या प्रकाशाविषयी स्वतंत्रपणे काहीच सांगत नाही. त्याच्या जागी ते दोन रंग किती असावेत याचा अंदाज शेजारच्या बिंदूंवरून नंतर बांधला जातो. म्हणजे पुऱ्या झालेल्या चित्रात प्रत्येक बिंदूला जे तीन आकडे असतात, त्यांपैकी एक मोजलेला आणि दोन अनुमानाने आलेले असतात. शिवाय चौदा बिटांच्या रॉमध्ये प्रकाशाच्या १६,३८४ पायऱ्या सरळ प्रमाणात नोंदलेल्या असतात, आणि मनुष्याची दृष्टी तशा सरळ प्रमाणात चालत नसल्यामुळे ही नोंद जशीच्या तशी पडद्यावर टाकली तर अंधारलेले, हिरवट, चौकड्यांचे काहीतरी दिसते, ज्याला कोणी छायाचित्र म्हणणार नाही.

या चौकड्यांविषयी न्याय-वैशेषिकांनी एक अत्यंत जवळचा वाद फार पूर्वी घालून ठेवला आहे. सतराव्या शतकातील अन्नंभट्टांचा ‘तर्कसंग्रह’ हा न्यायशास्त्रात प्रवेश करणाऱ्याचा पहिला ग्रंथ, आणि यशवंत वासुदेव आठल्ये व महादेव राजाराम बोडस यांनी मुंबई संस्कृत मालेसाठी तयार केलेल्या १८९७ च्या आवृत्तीमुळे तो महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांच्या हाती गेला. त्यात रूप, म्हणजे केवळ डोळ्यांनीच कळणारा गुण, सात प्रकारचे सांगितले आहे: शुक्ल, नील, पीत, रक्त, हरित, कपिश आणि चित्र. यातील सातवा प्रकार चमत्कारिक आहे. वेगवेगळ्या रंगांच्या धाग्यांनी विणलेल्या वस्त्राचा रंग कोणता, असा प्रश्न आहे. धागे हे अवयव आणि वस्त्र हा त्यांच्याहून वेगळा अवयवी, अशी नैयायिकांची धारणा असल्यामुळे त्या अवयवीला त्याचा स्वतःचा रंग असलाच पाहिजे. आणि रंग हा आपला आश्रय पूर्णपणे व्यापून राहणारा, म्हणजे ‘व्याप्यवृत्ती’, गुण मानल्यामुळे अर्धे वस्त्र लाल व अर्धे पिवळे असे म्हणण्याची सोय राहत नाही. म्हणून संपूर्ण वस्त्राला व्यापणारा ‘चित्र’ नावाचा एक स्वतंत्र रंग त्यांनी मानला. नव्य नैयायिकांपैकी काहींनी हा मार्ग नाकारला आणि रंग आपल्या आश्रयाचा केवळ एखादा भागही व्यापू शकतो, मग या सातव्या रंगाची गरज काय, असा सरळ पक्ष घेतला. रॉ फाइलकडे पाहताना दोन्ही पक्षांचे बळ जाणवते: बिंदूंना वेगवेगळे रंग आहेत हे उघड आहे, परंतु ज्याला आपण चित्राचा रंग म्हणतो तो त्यांपैकी एकाही बिंदूत नाही, तो जोडणीत जन्माला येतो.

असे असेल तर छायाचित्रकारांमध्ये रूढ असलेला ‘रॉ म्हणजे खरे, जेपेग म्हणजे केलेले’ हा समज कुठून येतो? त्याचे तात्त्विक मूळ शोधू गेल्यास ते बौद्ध नैयायिक दिङ्नागांच्या जवळ पोहोचते. त्यांच्या मते प्रत्यक्ष ज्ञान तेच, ज्यात कल्पनेचा, म्हणजे नाव, जाती इत्यादी जोडण्याचा, लेशही नाही. जोडणी सुरू झाली की मनाची कारागिरी सुरू झाली. या भूमिकेला ‘निर्विकल्पक प्रत्यक्षच खरे प्रत्यक्ष’ असे म्हणता येईल. नैयायिकांनी निर्विकल्पक ज्ञान नाकारले नाही, मात्र त्याची जागा बदलली. त्यांच्या मते निर्विकल्पक ज्ञान ‘निष्प्रकारक’ असते, म्हणजे त्यात वस्तू आणि तिची विशेषणे दोन्ही असतात, पण अमुक वस्तू अमुक प्रकारची आहे अशी त्यांची सांगड पडलेली नसते. सांगड पडल्यावर जे होते ते सविकल्पक ज्ञान. यापुढे त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या, आणि प्रस्तुत विषयात सर्वाधिक उपयोगी त्याच आहेत. पहिली अशी की निर्विकल्पक ज्ञान स्वतः कधीच अनुभवाला येत नाही, सविकल्पकावरून मागे जाऊन त्याचे अनुमान करावे लागते. दुसरी, जी विश्वनाथ पंचाननांच्या ‘भाषापरिच्छेदा’त स्पष्ट केलेली आहे, ती अशी की निर्विकल्पक ज्ञान प्रमाही नव्हे आणि भ्रमही नव्हे, कारण खरे-खोटेपणा सांगडीला लागतो आणि इथे सांगडच नाही.

रॉ फाइलला हे वर्णन जितके चपखल बसते तितके दुसरे कुठलेही बसत नाही. रॉ कोणी पाहिलेली नाही. जे पाहिले जाते ते कुठल्या ना कुठल्या सॉफ्टवेअरने, कुठल्या ना कुठल्या प्रोफाइलने केलेली सांगडच असते, आणि ‘तटस्थ’ किंवा ‘न्यूट्रल’ असे नाव दिलेले प्रोफाइलसुद्धा एक सांगडच असते, फक्त तिची चव सौम्य असते. म्हणून रॉ खरी असेही म्हणता येत नाही आणि खोटी असेही म्हणता येत नाही. खऱ्या-खोट्याचा प्रश्न सांगडीपासून पुढे सुरू होतो. जेपेगवर ‘केलेले’ असल्याचा आरोप करणारा मनुष्य, केलेले नसलेले कोणते चित्र आपल्याजवळ आहे, हे दाखवू शकत नाही.

कोकणात या ठिकाणी एक उपमा हाताशीच आहे. वेंगुर्ल्याची ग्रामदेवता सातेरी. आणि सातेरीची उपासना कोकणात अनेक ठिकाणी वारुळाच्या रूपात होते, काही ठिकाणी त्या मातीवर मुखवटा चढवून देवीला चेहरा दिला जातो. वारूळ म्हणजे रॉ आणि मुखवटा म्हणजे जेपेग, असे म्हणण्याचा मोह कोणालाही होईल, आणि सगुण-निर्गुणाची परिचित जोडी त्याच्या मागोमाग चालत येईल. हा मोह आवरलेला बरा. वारूळ निर्गुण नाही. त्याला आकार आहे, मातीचा रंग आहे, आणि भक्ताच्या दृष्टीने ते देवीचे अपुरे रूप नसून पुरे रूप आहे. मुखवटा चढवल्याने देवी अधिक खरी होत नाही आणि उतरवल्याने अधिक मूळची होत नाही. रॉमध्येही गाळणीचा रंग, सेन्सरची जात, उघडझापेचा वेळ आणि भिंगाचा दोष आधीच मुरलेले असतात, तेव्हा तिला निर्गुणाचे सिंहासन देणे म्हणजे निर्गुण या शब्दाचा अर्थच सैल करणे होय.

रॉला प्रामाण्य नाही असे एकदा ठरल्यावर, ज्याच्याशी ती जुळवायची त्या जेपेगला प्रामाण्य कोणी दिले, हा प्रश्न येतो. जुळवणारा मनुष्य कॅमेऱ्याच्या चित्राला ‘आप्ता’चा मान देत असतो. आप्त म्हणजे यथार्थ बोलणारा आणि म्हणून विश्वासास पात्र असलेला. त्याचे वचन हे शब्दप्रमाण. कॅमेरा त्या प्रसंगी तिथे होता, सॉफ्टवेअर नव्हते, तेव्हा त्याची साक्ष घ्यावी, असा हा सरळ विचार आहे. परंतु या साक्षीदाराची उलटतपासणी केली तर तो फार लवकर गडबडतो. कॅमेरे बनवणाऱ्या कंपन्यांची रंगशैली यथार्थतेसाठी नव्हे, तर लोकांना आवडेल अशा चित्रासाठी घडवलेली असते. आठवणीतले आभाळ प्रत्यक्षापेक्षा निळे आणि आठवणीतले गवत प्रत्यक्षापेक्षा हिरवे असते हे त्यांना पक्के ठाऊक आहे, आणि चित्र आठवणीला पटले म्हणजे ग्राहकाला पटते. फुजीफिल्मच्या कॅमेऱ्यांमधली ‘वेल्व्हिया’ ही रंगशैली याच नावाच्या, १९९० मध्ये बाजारात आलेल्या फिल्मवर बेतलेली आहे, आणि ती फिल्म तिच्या गडद, रसरशीत रंगांसाठीच प्रसिद्ध होती. म्हणजे रॉ जुळवायची जेपेगशी, जेपेग बेतलेले फिल्मवर, आणि फिल्म बेतलेली रसायनतज्ज्ञांच्या एका आवडीवर. एका ज्ञानाचे प्रामाण्य दुसऱ्यावर, दुसऱ्याचे तिसऱ्यावर, अशी न थांबणारी मालिका लागली म्हणजे तिला शास्त्रात ‘अनवस्था’ म्हणतात, आणि कुमारिलांसारख्या मीमांसकांनी ज्ञानाचे प्रामाण्य बाहेरून आणण्याला विरोध केला तो मुख्यतः याच दोषामुळे.

यावर एक स्वाभाविक उत्तर आहे: साक्ष कॅमेऱ्याची नको, डोळ्यांची घ्यावी. पण डोळासुद्धा रॉ नाही. भारतीय दर्शनांत पिवळ्या शंखाचे उदाहरण सुपरिचित आहे. कावीळ झालेल्याला पांढरा शंख पिवळा दिसतो, आणि हा भ्रम कसा घडतो याविषयी प्रत्येक दर्शनाचे वेगळे उत्तर आहे. समईच्या उजेडात ठेवलेला शंख कोणत्याही निरोगी डोळ्याकडे पिवळसर प्रकाशच पाठवतो, तरी पाहणाऱ्याला तो पांढरा वाटतो, कारण दृष्टी सभोवतीच्या उजेडाशी जुळवून घेते. योहानेस फोन क्रीस यांनी १९०२ मध्ये या जुळवणीचा नियम मांडला, आणि कॅमेऱ्यातल्या ‘व्हाइट बॅलन्स’चा, म्हणजे पांढऱ्याला पांढरे ठरवण्याच्या क्रियेचा, पाया आजही तोच आहे. गंमत अशी की इथे कावीळ झालेल्याची गोष्ट उलटी होते: पिवळा शंख पाहणारा यंत्राप्रमाणे प्रामाणिक आणि पांढरा पाहणारा मनाने दुरुस्ती करणारा. संपादनात जेव्हा एखादा मनुष्य शंखावर टिचकी मारून सॉफ्टवेअरला ‘हे पांढरे समज’ असे सांगतो, तेव्हा तो काहीच पाहत नसतो. शंख पांढरा असतो या पूर्वज्ञानावरून तो अनुमान करत असतो. रंगमोजणीचे जे शास्त्र या सगळ्याखाली आहे, त्यातला १९३१ चा ‘प्रमाण निरीक्षक’ हा तर कोणी मनुष्यच नाही. राइट यांनी तपासलेले दहा आणि गिल्ड यांनी तपासलेले सात, अशा इंग्लंडमधील सतरा जणांच्या डोळ्यांची ती सरासरी आहे. आरवलीच्या वेतोबाचा फोटो घरात लावणाऱ्या भाविकाला आपल्या देवाचा वर्ण या सतरा जणांच्या साक्षीने ठरला आहे याची कल्पना नसते, आणि असण्याचे कारणही नाही. त्याच्यासारख्या धातूच्या मूर्तीला तर स्वतःचा म्हणावा असा रंग जवळजवळ नसतोच. समोरची ज्योत, हार, केळीचे घड आणि उघड्या दारातून येणारा दिवस हे सगळे तिच्या अंगावर येऊन बसतात. वेदान्त्यांनी उपाधी समजावताना दिलेला, जास्वंदीजवळ लाल भासणारा स्फटिक हा याच जातीचा. मात्र स्फटिकापासून जास्वंद दूर करता येते, देवळापासून दिवा दूर करता येत नाही.

आता रंगतक्त्याच्या साहाय्याने होणाऱ्या जुळवणीकडे वळता येईल, कारण तिच्यात गणित असल्यामुळे ती निर्विवाद भासते. चोवीस ठरावीक रंगांच्या चौकोनांचा तक्ता, जो १९७६ पासून छायाचित्रणात वापरला जातो, एकाच टिपणात रॉ आणि जेपेग अशा दोन्ही रूपांत घेतला जातो, आणि रॉमधला अमुक आकडा जेपेगमध्ये तमुक झाला, अशा चोवीस जोड्यांवरून उरलेल्या सगळ्या रंगांसाठी नियम बांधला जातो. न्यायाच्या भाषेत ही चोवीस दृष्टान्तांवरून व्याप्ती, म्हणजे अव्यभिचारी साहचर्य, ठरवण्याची क्रिया आहे. तिचा दोषही न्यायाने आधीच सांगून ठेवला आहे. जिथे अग्नी तिथे धूर हा नियम चुकतो, कारण मध्ये ओल्या लाकडाची अट लपलेली असते. अशा लपलेल्या अटीला तर्कशास्त्रात ‘उपाधी’ म्हणतात, आणि स्फटिकाच्या उपाधीहून हा अर्थ वेगळा आहे. कॅमेऱ्याच्या जेपेगमध्ये ओले लाकूड पुष्कळ असते. कित्येक कॅमेरे प्रत्येक दृश्य पाहून सावल्या किती उजळायच्या हे वेगळे ठरवतात, गोंगाट, म्हणजे ‘नॉइज’, पुसताना बारीक रंगभेदही पुसतात, आणि तो निर्णय चित्राच्या एका कोपऱ्यात एक तर दुसऱ्या कोपऱ्यात दुसरा असतो. उन्हात एकसारख्या उजळलेल्या तक्त्यावरून काढलेला नियम त्यामुळे सावलीतल्या माडाच्या खोडाला लागू पडत नाही, आणि हे कळत नसलेला मनुष्य दिवसभर आकडे फिरवत बसतो. दोष आकड्यांचा नसतो, व्याप्ती सोपाधिक असते.

मग अनवस्था कुठे थांबते? नैयायिकांचे उत्तर असे की ती प्रवृत्तीच्या ठिकाणी थांबते: पाण्याचे ज्ञान खरे की खोटे हे त्या ज्ञानामागे जाऊन तहान भागली की नाही यावरून कळते. याला वात्स्यायनांनी प्रवृत्तीचे सामर्थ्य म्हटले. रंगाच्या बाबतीत हे उत्तर रूक्ष वाटते, पण वेंगुर्ल्यात ते जिवंत आहे. तिथल्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने काजूचे जे वाण दिले, त्यांत वेंगुर्ला-४ चे बोंड लाल आणि वेंगुर्ला-७ चे पिवळे. इथे रंग ही वाणाची एक ओळख आहे, शोभा नव्हे. फळाफुलांच्या वाणांची नोंद करताना जगभर जो रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचा रंगतक्ता वापरला जातो, त्याच्याशी पाकळी किंवा साल जुळवताना उत्तरेकडून येणारा दिवसाचा उजेड घ्यावा असा संकेत आहे, म्हणजे कोणता उजेड प्रमाण हे निसर्गाने नव्हे तर कामाने ठरवलेले आहे. अशा नोंदीसाठी काढलेल्या छायाचित्रात कॅमेऱ्याच्या आवडीचा भडकपणा हा दोषच ठरेल आणि रॉ तक्त्याशीच जुळवावी लागेल. पण तेच बोंड जत्रेच्या आठवणीसाठी टिपले असेल, तर कॅमेऱ्याच्या जेपेगशी जुळवण्यात काहीही अप्रामाणिक नाही, कारण तिथे जी प्रवृत्ती सिद्ध व्हायची ती आठवणीची आहे. एकच रॉ दोन वेळा दोन प्रकारे जुळवली आणि दोन्ही वेळा ती यथार्थ ठरली, असे म्हणण्यात विरोध नाही. विरोध तेव्हा येतो जेव्हा दुसऱ्या कामासाठी बेतलेला रंग पहिल्या कामात साक्षीला उभा केला जातो.

या उत्तराने सगळे मिटते असे मात्र नाही. दशावतारी नाटक, ज्याला तिथे धयकालो म्हणतात, देवळाच्या आवारात रात्रभर चालते, आणि सरत्या रात्री रंगमंचावर दिव्यांचा पिवळा, ट्यूबचा निळसर हिरवा आणि पूर्वेकडून येणारा पहाटेचा करडा उजेड राजाचे सोंग घेतलेल्या नटाच्या एकाच चेहऱ्यावर पडतो. इथे पांढरे कोणते याचे एक उत्तर नाही. गालाचा एक भाग दुरुस्त केला तर दुसरा बिघडतो. कॅमेऱ्याने त्या वेळी काहीतरी एक निवडले, सॉफ्टवेअर दुसरे निवडेल, आणि पाहणाऱ्या प्रेक्षकाच्या डोळ्याने, जो रात्रभर त्या उजेडात बसून त्याला सरावला होता, तिसरेच निवडलेले असते. ज्ञानेश्वरांच्या ‘अनुभवामृता’त अज्ञानाचे जे सविस्तर खंडन आहे आणि ज्याच्यातून निघणाऱ्या विचाराला अभ्यासक चिद्विलासवाद म्हणतात, त्याचा रोख असा आहे की दिसणाऱ्या जगामागे झाकलेले दुसरे काही नाही, दिसणे हेच चैतन्याचे स्वतःचे स्फुरण आहे, ते त्याच्यावर पडलेले आवरण नव्हे. शंकराचार्यांच्या परंपरेतला अध्यास, म्हणजे एकाच्या ठिकाणी दुसऱ्याचा आरोप, या विचारात मागे पडतो. रंगाच्या संपादनात अध्यासाची भाषा फार सहज येते, कारण ‘वरचा थर काढला की खालचे खरे दिसेल’ अशी तिची बांधणी आहे आणि सॉफ्टवेअरही थरांतच चालते. त्या पहाटेच्या चेहऱ्यावर मात्र काढायला थर सापडत नाही. दिव्याचा पिवळा काढला तर त्याखाली राजाचा रंगवलेला चेहरा उरत नाही, दुसऱ्या दिव्याचा निळा उरतो; आणि सगळे दिवे काढले तर सेन्सरपाशी शून्याच्या आसपास हेलकावणारे आकडे उरतात, ज्यांना तांबडेपणा, पिवळेपणा किंवा राजेपणा यांपैकी काहीच चिकटलेले नसते.